माझ्या जन्मतारखेवर उघडलेला खेळ

शेजारच्या भाभींचा धाकटा मुलगा एकाएकी न्हाणीत एकटा जायला घाबरू लागला, तिथून हे सगळं सुरू झालं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात सात घरं. भाभींची आणि आमची भिंत एकच. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो, शिलाईचं दुकान चालवतात; काज-बटणं भाभी करतात. शाळेच्या गणवेशापासून लग्नाच्या शेरवानीपर्यंत त्यांच्या हाताखालून जात नाही असं कापड नाही. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासणीच्या कामाला आहे. ओतून आलेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, कुठं बारीक भोक किंवा चीर दिसली तर खडूनं फुली मारायची. बारा वर्षं हेच करते आहे. कंपनीची बस सकाळी सातला नाक्यावर येते. माझे यजमान दुधाचा टँकर चालवतात, ते माझ्याही आधी बाहेर पडतात. त्यामुळं मुलगी दुपारी शाळेतून आली की संध्याकाळी मी परत येईपर्यंत घर तिच्या एकटीचं असे. किल्ली भाभींकडं, जेवण झाकून ठेवलेलं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर यजमानांनी एका ओळखीच्या ऑफिसातून आणलेला जुना कॉम्प्युटर.

मुलगी तेव्हा आठवीत होती. तेरा वर्षांची, बारीक अंगाची, बोलायला फटकळ. आमच्याकडच्या सगळ्या पोरींसारखी ती स्वतःला 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणते. भाभींचा धाकटा, वय वर्षं सहा, तिच्या मागं मागं असायचा. ताई म्हणेल ती पूर्व दिशा.

एका रविवारी सकाळी भाभी त्याला हाताला धरून दारात आल्या.

"वैनी, ह्याला काय झालंय बघा की. चार दिस झालं, न्हाणीत एकटा जाईना. अंथरुणात मुतायलाय. पडद्यामागं मानूस हाय म्हणतोय."

मी त्याला जवळ घेतलं. "कसला माणूस रं?"

"मान कापल्याली हाय त्याची," तो म्हणाला. "रक्त येतंय. तरीबी चालत येतोय."

"कुठं बघितलास असला माणूस?"

त्यानं मान खाली घातली. "गेममधी."

तेवढा एक शब्द पुरला. आमच्या बोळाच्या तोंडाशी चार महिन्यांपूर्वीच एका तरुणानं गेमचं दुकान काढलं होतं. काचेचं दार, आत सहा-सात मोठे स्क्रीन, खुर्च्यांवर कानाला हेडफोन लावलेली पोरं. पुण्यातली नोकरी गेल्यावर तो गावी परतला होता. हा धाकटा त्या काचेला नाक लावून उभा राहिलेला बोळातल्या दोघा-तिघांनी पाहिला होता. आणखी काय पुरावा हवा?

त्याच संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बोळातली माणसं जमली. सगळ्यात मोठा आवाज एसटीतून निवृत्त झालेल्या आमच्या ड्रायव्हर काकांचा. "हे दुकान उठवल्याबिगर पोरं सुधरायची न्हाईत," ते म्हणाले. मुलाच्या काळजीनं भाईंचं तोंड उतरलं होतं. आणि मी, खोटं कशाला सांगू, काकांच्याही वर आवाज काढला.

"दुकानच कशाला? असले खेळच सरकारनं बंद करायला पाहिजेत. पोरांच्या डोक्यात विष कालवायचं आणि सरकारनं बघत बसायचं व्हय?"

माणसांनी माना हलवल्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून निवेदन लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी ते घरी बसून मन लावून लिहिलं. दुकान बंद करावं, अठरा वर्षांखालच्या मुलांना हिंसक खेळ मिळूच नयेत, जबाबदार लोकांवर कारवाई व्हावी. जबाबदार या शब्दाखाली मी रेघ ओढली होती. मुलगी शेजारी वही उघडून बसली होती. तिनं ते वाचलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं.

दोन दिवसांनी तो दुकानवाला तरुण आमच्या दारात आला. मी नुकतीच कामावरून आले होते, हातपायही धुतले नव्हते.

"वैनी, एकदा ऐकून घ्या," तो म्हणाला. "त्यो बारका माझ्या दुकानात कधी आत आलाच न्हाय. काचेतनं बघतोय, ते खरं. पण रस्त्याकडनं जे स्क्रीन दिसतात, त्यावर मी गाड्यांचेच गेम लावतो. बाकीचे आतल्या बाजूला. लहान पोराला मी आत घेतच न्हाय."

"पकडल्यावर सगळे असंच म्हणतात," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. त्यानं नमस्कार केला आणि गेला. माझ्या मागं मुलगी जेवणाचं ताट हातात घेऊन उभी होती.

"आई, त्यो दादा खरं बोलायलाय," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

ती ताटातला भात चिवडायला लागली.

"माहीत न्हाय तर मधे बोलू नको. जा, जेव."

निवेदन द्यायला जायचा दिवस ठरला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुलीची शाळा त्या दिवशी सकाळची होती. "मी येतो तुमच्याबरोबर," ती म्हणाली. मला वाटलं, नागरिकशास्त्रात निवेदन कसं द्यायचं याचा धडा असेल, बघू दे. उलट मला बरंच वाटलं. आपली आई मोर्चाच्या पुढं कशी चालते हे लेकीनं बघावं, असंही मनात होतं.

आम्ही आठ जण कलेक्टर कचेरीत गेलो. काका, भाई, भाभी, मी, बोळातले आणखी चौघे. मुलगी धरून नऊ. बराच वेळ बाकावर बसल्यावर आत बोलावलं. टेबलामागं एक बाई अधिकारी होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, केस घट्ट बांधलेले, समोर फायलींची चळत. त्यांनी निवेदन शेवटपर्यंत वाचलं. नुसती नजर फिरवून बाजूला ठेवलं नाही, हे मला आवडलं.

"हा मुलगा त्या दुकानात आत जाऊन बसला होता, हे कुणी पाहिलंय?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. "काचेला नाक लावून उभा असतोय," काका म्हणाले.

"त्यानं कुठला खेळ पाहिला?"

"रक्ताचा," काका म्हणाले.

"नाव?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"खेळ सुरू होताना त्यावर वय लिहिलेलं येतं. ते काय होतं?"

तेही माहीत नव्हतं. आम्ही आठ मोठी माणसं, ज्या गोष्टीवर बंदी मागायला आलो होतो, तिच्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. बाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"नियम मागताय ते चुकीचं नाही. जरूर मागा. पण एका माणसाचं दुकान बंद करा असं लिहिलंय तुम्ही. त्यानं काय मोडलं, ते मला कळायला पाहिजे."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मॅडम, मी सांगतो."

मुलगी भाभींच्या मागून पुढं आली. शाळेचाच ड्रेस अंगावर, दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांत. टेबलाच्या कडेला येऊन उभी राहिली.

"त्यो गेम दुकानातला न्हाय. आमच्या घरातला हाय. मी खेळत होतो. बारका माझ्या शेजारी येऊन बसायचा. मी त्याला जा म्हटलं न्हाय. मला वाटलं, त्याला काय कळतंय. सुरवातीला जन्मतारीख विचारतंय. मी माझी घातली तर उघडला न्हाय. मग मी आईची घातली. मग उघडला. त्या दादाचा ह्यात काय संबंध न्हाय."

माझी कानशिलं तापली. भाभी माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत होईना. 'घरी चल, मग बघते तुझ्याकडं' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

अधिकारी बाईंनी मुलीला विचारलं, "आईच्या नावानं खातं उघडलंस, तर आईच्या मोबाईलवर ओटीपी आला असेल ना?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. "आला होता. मीच बघितला. आईला माहीत न्हाय."

आणि मला तो दिवस आठवला. फौंड्रीत माल तपासत होते. हातात मोजे. फोन वाजला. "आई, तुझ्या मोबाईलवर सहा आकडे आलेत बघ, सांग." मी दातानं मोजा ओढला, आकडे वाचून दाखवले आणि फोन ठेवला. कशाचे आकडे, हे मी विचारलंच नाही. शाळेचं काहीतरी असेल, एवढासुद्धा विचार मी केला नव्हता. समोरच्या ढिगाऱ्यातला पुढचा तुकडा उचलला आणि कामाला लागले.

म्हणजे माझी लेक इतकं सगळं खरं बोलून एकच गोष्ट खोटी बोलली होती, आणि ती माझ्यासाठी.

"न्हाय मॅडम," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "फोन माझ्याकडं होता. तिनं विचारलं आणि मी आकडे सांगितले. कशाचे म्हणून विचारलं न्हाय. निवेदनात जबाबदार म्हणून रेघ मी ओढलीय. ती माझ्याच नावाखाली ओढली पाहिजे."

बाईंनी निवेदन उलटं करून माझ्यापुढं सरकवलं. "हे असंच दाखल करू, की बदलून आणताय?"

"बदलून आणतो," भाई म्हणाले. आत आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते.

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर काकांनी पवित्रा बदलला. "मी म्हणत न्हवतो? हे सरकारचं कामच न्हवं. आई-बापानं लक्ष ठेवायचं. सरकार काय तुमच्या घरात येऊन बसणार हाय व्हय?"

पण भाई थांबले. ज्या माणसाच्या लेकराला आमच्या घरात भीती चिकटली होती, तो माणूस माझ्या बाजूनं उभा राहिला, हे मी जन्मभर विसरणार नाही.

"काका, तुमी दिवसभर घरात हाय," ते म्हणाले. "वैनी सातला जातात. टँकरवाले भाऊ त्याच्याबी आधी. मी दुकानात, ही काज-बटणात. लक्ष ठेवायचं खरं, पण कवा? आनी मला एक सांगा. तारीख खोटी घातली की उघडणारं कुलूप ज्यानं केलं, त्याला कुणी विचारायचं? मी विचारू? माझं कोण ऐकतंय? ते सरकारनंच विचारायला पाहिजे."

काका हूं म्हणाले आणि रिक्षा बघायला गेले.

आम्ही मायलेकी चालत निघालो.

"आई, मारणार हायस?"

"न्हाय."

"बाबांना सांगणार?"

"तूच सांग."

मला तेव्हा तिचा अभिमान वाटत होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. लाज वाटत होती. सगळ्या बोळात तोंड कसं दाखवायचं, हाच विचार होता. घरात आधी बोलली असती तर, असंही वाटत होतं. मग आठवलं की ती बोलायला आली होती, ताट हातात घेऊन. मीच तिला जेवायला पाठवली होती.

बोळाच्या तोंडाशी आलो तसा तिनं माझा हात सोडला. मला काही न विचारता ती त्या गेमच्या दुकानाचं काचेचं दार ढकलून आत गेली. मी रस्त्याच्या पलीकडं उभी राहिले. काचेतून दिसत होतं. आतली मोठी मोठी पोरं हेडफोन काढून बघायला लागली. ती त्या तरुणाच्या समोर उभी राहून बोलत होती, मधेच हातानं आमच्या घराकडं दाखवत होती. तो आधी गोंधळला, मग खुर्ची ओढून बसला आणि ऐकत राहिला. शेवटी त्यानं तिच्यापुढं हात केला, आणि तिनं एखाद्या मोठ्या माणसासारखा तो हातात घेतला.

तिथं, रस्त्याच्या कडेला, पहिल्यांदा माझी छाती भरून आली. कचेरीत ती बोलली तेव्हा शेजारी आई होती, भाभी होत्या. इथं ती एकटी गेली होती, आणि कुणी सांगितलं म्हणून गेली नव्हती. मग मीही रस्ता ओलांडला. माफी मला पण मागायची होती.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "दाव मला काय हाय ते."

तिनं कॉम्प्युटर सुरू केला. पहिल्यांदा काळ्या पडद्यावर लाल चौकोनात अठरा हा आकडा आला. इतका ठळक, की आमच्या काकांनासुद्धा चष्म्याशिवाय दिसला असता. मग खेळ सुरू झाला. बर्फाचे डोंगर, लाकडी घरं, धुकं. आणि एक करडा घोडा. ती त्या घोड्यावर बसून नदीकाठानं निघाली, आणि मी बघतच राहिले. खोटं नाही सांगत, देखणं होतं ते.

"मी जास्त करून घोडाच पळवतो," ती म्हणाली. "पण पुढं जायचं असंल तर माणसं मारायला लागतात."

मग तिनं तेही दाखवलं. मी सगळं पाहिलं, तोंड फिरवलं नाही. मान कापलेला माणूस पण पाहिला. तो खरंच चालत येत होता.

"तुला भीती वाटली न्हाय?"

"पहिल्यांदा लई वाटली. दोन दिवस मी खेळलोच न्हाय. मग परत खेळलो. मग वाटंना झाली." ती स्क्रीनकडं बघत म्हणाली. "बारका रडाय लागला तवा मला कळलं, की हे भीती वाटायचंच हाय. मलाच वाटंना झालंय."

तेरा वर्षांच्या पोरीनं हे स्वतःबद्दल ओळखलं होतं. मला वाटतं, कित्येक मोठ्या माणसांना आयुष्यभर हे ओळखता येत नाही. आम्ही दोघींनी मिळून तो खेळ काढून टाकला. त्याआधी तिनं घोड्याला नदीवर नेऊन सोडलं. मी तेवढा वेळ थांबले.

यजमानांना तिनंच सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. टँकरच्या कामानं त्यांचा स्वभाव सोशीक झाला आहे. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "बारक्याचं आता काय करायचं?"

ते तिनं आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती भाभींकडं गेली. "भाभी, माझ्यामुळं झालं. मी त्याची भीती घालवतो, मला दुपारी त्याला द्या," म्हणाली. भाभींनी काय म्हणावं? त्यांनी आधी तिला चांगलं झाडलं. "तुझ्यावर पोर टाकून मी निवांत काम करत हुतो, आनी तू हे दाखवलीस?" मग पदरानं डोळे पुसले आणि पोराला दिलं. मात्र दार उघडं ठेवायचं, आणि त्या स्वतः मधे मधे येऊन बघणार, ही अट घातली. ती रास्तच होती.

तिनं काय केलं, ते मला भाभींकडूनच कळलं. कॉम्प्युटरवर चित्र काढायची सोय असते, त्यात तिनं एक माणूस काढला. त्याला लाल रंग लावला. "हे बघ, रक्त असं करतात," म्हणाली. "आता तू पूस." त्यानं पुसलं. "आता तू लाव." त्यानं लाल लावलं, मग निळं लावलं, मग हिरवं. हिरव्या रक्ताच्या माणसाला बघून तो हसायला लागला. रोज दुपारी हेच. त्या माणसाला त्यांनी मिशा काढल्या, डोक्यावर फेटा बांधला, काकांसारखं पोट काढलं. न्हाणीत जाताना ती दाराबाहेर उभी राहायची आणि पाढे म्हणायची, म्हणजे ती आहे हे त्याला कळावं. आधी दोनपासून दहापर्यंत पाढे लागायचे. मग पाच पाढ्यांत काम व्हायला लागलं. एका दुपारी तो आतून ओरडला, "ताई, तू जा की! मी एकटा करतोय."

भाभींनी हे मला दारात उभं राहून सांगितलं, आणि सांगताना त्या हसत होत्या. त्या दिवशी त्यांनी शेवयांची खीर पाठवली. भिंत पुन्हा एकच झाली.

निवेदन आम्ही नव्यानं लिहिलं. लिहायला मी, भाई आणि मुलगी. सरकारकडं काय मागायचं यावर आमचं तिघांचं बरंच वाजलं. बंदी घाला म्हटलं की आपलं काम संपलं असं मला वाटत होतं, ते आता वाटत नव्हतं. पण सगळं आई-बापाच्या माथी मारून मोकळं व्हायचं, हेही भाई मान्य करत नव्हते, आणि ते बरोबर होते. ती म्हणाली, "आई, मला जन्मतारीख खोटी घालायला दहा सेकंद लागले. एवढं सोपं कशाला ठेवलंय?" ते वाक्य आम्ही जसंच्या तसं निवेदनात घातलं. वयाची पडताळणी खरोखरची असावी, खेळात काय आहे ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावं, दुकानांनी वयाचा फलक लावावा, आणि शाळांनी पालकांना बोलावून हे सगळं दाखवावं, कारण आम्हाला ते येत नाही. शेवटचं वाक्य माझं होतं. लिहिताना कमीपणा वाटला नाही. दुकान बंद करा हे वाक्य मात्र गेलं.

त्याच अधिकारी बाईंनी ते घेतलं आणि पोचेचा शिक्का दिला. काही दिवसांनी पत्र आलं, की तुमचं निवेदन पुढच्या कार्यालयाकडं पाठवलं आहे. त्यानंतर अजून तरी काही आलेलं नाही. ते आलं नाही म्हणून मी सरकारला सोडून दिलेलं नाही. अधूनमधून विचारून येते. पण आलं नाही म्हणून घरात हातावर हात धरूनही बसलो नाही.

गेमच्या दुकानात त्या तरुणानं फलक लावला. रविवारी सकाळी दुकान रिकामं असतं, तेव्हा दोन तास त्यानं आम्हाला दिले. शिकवायला माझी मुलगी. पहिल्या रविवारी बोळातले पाच जण आले, दुसऱ्या रविवारी मागच्या गल्लीतलेही आले. हेडफोनवाल्या खुर्च्यांवर लुगड्यातल्या आज्या आणि धोतरातले आजोबा बसलेले, आणि ही तेरा वर्षांची पोरगी एकेकाच्या मागं उभी राहून सांगतेय, "हा आकडा बघा. सात म्हणजे सात वर्षांच्या पुढं. अठरा म्हणजे अठरा. आता मोबाईल काढा. हितं दाबा. न्हाय, हितं." काकांनी पहिल्या दिवशी नातवाचा फोन आणला होता. त्यात काय काय आहे हे दिसल्यावर ते चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. त्यानंतर ते एकही रविवार चुकले नाहीत. घरात बसून मोठ्यानं बोलणं वेगळं आणि नातवाशेजारी बसून बघणं वेगळं, असं त्यांनीच एकदा कट्ट्यावर सगळ्यांसमोर कबूल केलं.

दुपारचीही व्यवस्था बोळानं केली. एकेका दिवशी एकेक घर. ज्यांच्याकडं कुणी मोठं माणूस असेल त्यांच्याकडं पोरं बसतात. मंगळवार काकांचा असतो. मी सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना घेते, तेव्हा माझ्या घरात चपलांचा ढीग पडतो.

फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं बायकांना सांगितलं. ओटीपीची गोष्ट आधी सांगितली, लपवली नाही. चार जणींनी तिथल्या तिथं आपापले फोन काढले आणि लेकरांना कधी कधी आकडे वाचून दाखवले ते आठवायला लागल्या. एकीनं विचारलं, "तुझी पोरगी आमच्या वस्तीत येईल का गं सांगायला?" मी म्हटलं, "विचारून सांगते. तिची परीक्षा हाय." पण हे म्हणताना माझी मान किती ताठ झाली होती, ते मला माझं कळलं.

आता ती नववीत आहे. परवा संध्याकाळी ती माझ्यापुढं मोबाईल घेऊन आली. एक नवीन खेळ तिला हवा होता. तिनं वयाचा आकडा स्वतःच वाचून दाखवला: सोळा. आत काय आहे तेही वाचून दाखवलं, एक गोष्ट गाळली नाही. मग तो का चालेल यावर वकिलासारखी दहा मिनिटं बोलली. मी सगळं ऐकलं, दोनदा स्क्रीन हातात घेऊन नीट पाहिलं, आणि म्हटलं, "न्हाय. अजून दोन वर्षं न्हाय."

"दीड!" ती ओरडली. "दीड वर्ष ऱ्हायलंय!"

"मग दीड."

तिनं दार आपटलं. जेवताना माझ्याशी बोलली नाही. यजमानांनी खुणेनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमचं चाललंय. ती रुसून तिसरी भाकरी वाढून घेत होती, आणि मी तिच्याकडं न बघता तिच्या ताटात तूप सोडलं.